वरचं दार

तिसऱ्या पायरीवर उजवा पाय होता, चौथीवर डावा पडणार, तेवढ्यात खालून कुणीतरी माझ्या बुटाच्या टाचेला बोट लावलं. हाक मारली नाही, नुसतं बोट लावलं, झोपलेल्या माणसाला उठवताना लावतात तसं. बावीस वर्षांत त्या शिडीवर मला कुणी हात लावला नव्हता. शिडी चढायला लागले की मी कारखान्याची उरत नाही अशी माझी एक समजूत होती. समजूतच ती, पगार तर कारखान्याचाच घेत होते. खाली वाकून पाहिलं तर पोरसवदा सुरक्षा अधिकारी. इस्त्रीचा शर्ट, नवं हेल्मेट, हातात कागद. "ताई, आज तुमचा नंबर लागलाय," तो म्हणाला, जणू मला लॉटरीच लागली होती. मग माझा चेहरा बघून घाईघाईने म्हणाला, "कॉम्प्युटरने काढलाय हं, आम्ही नाही." कसला नंबर हे विचारायची गरज नव्हती. तीन महिन्यांपूर्वी हजेरीच्या यंत्राशेजारी नोटीस लागली होती. यंत्रावर, गाडीवर आणि उंचीवर काम करणाऱ्या कुणाचाही कधीही नमुना घेतला जाईल, नशेचं काही सापडलं तर कामावरून कमी, आणि नमुना दिला नाही तर सापडलंच असं धरण्यात येईल. लघवी हा शब्द अख्ख्या नोटिशीत कुठे नव्हता. मी शिडीवरून उतरले. तीनच पायऱ्या, पण सगळ्या बेचाळीस उतरल्यासारखं वाटलं.

प्रथमोपचाराच्या खोलीत एरवी कापलेली बोटं आणि डोळ्यांत गेलेला कचरा एवढंच येतं. आज टेबलावर पांढरा कागद पसरला होता आणि बाहेरच्या प्रयोगशाळेतून आलेली सिस्टर मांडामांड करून बसली होती. माझ्यापेक्षा चारेक वर्षांनी लहान असेल, जाडसर, पांढरे बूट, घोटे सुजलेले. दिवसभर उभं राहणाऱ्या बाईचे घोटे मला लांबूनही ओळखता येतात. तिने नियम सांगितले, पाठ केलेले, पण तुसडेपणा नाही. खिसे रिकामे करा. कोट बाहेर ठेवा. नळ बंद केलाय, हात नंतर धुवा. संडासाच्या भांड्यातलं पाणी निळं दिसेल, घाबरू नका.

"निळं कशाला?"

"लोक तेच भरून आणून देतात हो. काय काय सांगू तुम्हाला! आणि दार लोटून घ्यायचं, कडी लावायची नाही. मी बाहेर उभी आहे. बघणार नाही मी."

"मग काय करणार?"

"ऐकणार," ती म्हणाली, आणि स्वतःच जराशी ओशाळली. "नियमच आहे, ताई."

मी आत गेले. बाटलीवर एक रेघ होती, तिथवर भरायची. बाजूला तापमानाची पट्टी, म्हणजे कुणी खिशातलं गार आणून ओतलं तर कळावं. बाहेर तिचे बूट फरशीवर जरासे करकरले आणि थांबले. ते थांबले आणि माझ्या आतलंही सगळं थांबलं. पाच मिनिटं बसले. भिंतीवरच्या फरशा मोजल्या, आडव्या अकरा, उभ्या सोळा. मग रिकामी बाटली घेऊन बाहेर आले. "होतं असं," सिस्टर म्हणाली. "पाणी प्या. आठ पेले चालतात. आवाराबाहेर जायचं नाही. आठ दहा झालेत, अकरा दहापर्यंत तीन तास आहेत तुमच्याकडे." आणि नाही झालं तर, असं मी विचारल्यावर तिने कागद माझ्याकडे फिरवला. दोनच चौकोन होते. नमुना दिला. नमुना देण्यास नकार. न जमणाऱ्या माणसासाठी चौकोन नव्हता.

मला हसू आलं. खरंच आलं. क्रेनवरच्या माणसाला हे सांगायचं म्हणजे! मोठ्या टाक्या आणि बॉयलर बनवणाऱ्या आमच्या शेडमध्ये माझी केबिन छताखाली लटकते, चाळीस फुटांवर. एकदा वर गेलं की खाली यायचं ते जेवणाच्या सुट्टीत. मध्येच उतरायचं म्हणजे हुकाला लटकलेला बारा टनांचा पत्रा तसाच हवेत ठेवता येत नाही, तो आधी टेकवायचा, आणि त्याखाली तीस माणसं हात बांधून उभी. पहिल्या महिन्यात मी दोनदा उतरले, तेव्हा फोरमन कुणाला तरी म्हणाला, मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात, "बाईला वर पाठवली की हे आलंच." त्यानंतर मी उतरले नाही. आदल्या संध्याकाळपासून पाणी तोडायला शिकले. सकाळचा चहा अर्धा कप. तहान ही सुद्धा सवयच असते, तिला दोन-चार महिने दार उघडलं नाही की ती यायची बंद होते. तिसऱ्या वर्षी ताप, पाठीत कळा, लघवीतून रक्त. डॉक्टरांनी विचारलं, पाणी किती पिता, तर मला आठवेना. तेव्हापासून वर एक बरणी ठेवली, रुंद तोंडाची, फिरकीच्या झाकणाची. नियमात बसत नव्हती ती, म्हणून कुणाला माहीत नव्हती. कारखान्याने मला बावीस वर्षं धरून ठेवण्याचा पगार दिला आणि आज त्याच कारखान्याने बोलावलेली सिस्टर पेल्यावर पेले भरून देत म्हणत होती, सोडा.

तिसरा पेला. चौथा. पाणी पोटात डुचमळत होतं, पुढे सरकत नव्हतं, बंद काउंटरसमोरच्या रांगेसारखं. दुसऱ्यांदा आत गेले. पुन्हा बाहेर बूट. तिने काही वाईट केलं नव्हतं, बिचारी श्वाससुद्धा बेताने घेत होती, आणि तेच वाईट होतं. बेताने घेतलेला श्वास जास्त ऐकू येतो. हा श्वास मला ओळखीचा होता. लग्न होऊन आले तेव्हा सासरी दोन खोल्यांत नऊ माणसं होती आणि न्हाणीघर म्हणजे स्वयंपाकघराचा एक कोपरा, पुढे पडदा. पडद्याच्या अलीकडे सासूबाई भाजी चिरत बसायच्या. मी आत गेले की त्यांची सुरी थांबायची. त्या दुष्ट नव्हत्या हो. त्यांना नुसतं कळायचं असायचं, घरातलं सगळंच कळायचं असायचं: कोण किती जेवलं, कोण रडलं, कोणाला दिवस गेले. पडद्याआड मी पाण्याचा तांब्या उगाच जोरात आपटायची. आवाजावर आवाज. नवऱ्याला एकदा सांगितलं, आपण नुसतं एक दार बसवून घेऊ या का, तर तो म्हणाला, "दार कशाला? घरात सगळी आपलीच आहेत." आपलीच होती, म्हणून तर. पुढे तो गेला, याच शेडमध्ये, पत्र्याखाली. मला त्याच्या जागी घेतलं, झाडलोट करायला. वर्षभराने फोरमनने क्रेनवर पाठवलं, कारण उन्हाळ्यात वर कुणी टिकत नव्हतं, आणि बाईचा हात हलका असतो असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं. पहिल्यांदा वर गेले, केबिनचं दार ओढून घेतलं, आतून कडी लावली. लोखंडी कडी, गंजलेली, बोटाला लालसर लागली. मग लक्षात आलं की आयुष्यात पहिल्यांदा मी एका दाराच्या आत एकटी आहे आणि कुणी ठोठावू शकत नाही. नवऱ्याला जाऊन वर्ष झालं होतं. ज्या शेडने त्याला घेतलं तिच्याच छताखाली मला एवढं हलकं वाटावं याची लाज वाटली, पण हलकं वाटायचं ते वाटलंच.

नऊ वाजून गेले होते. साहेब, म्हणजे तोच सुरक्षा अधिकारी, डोकावून गेला. "काही अडचण, ताई?" सिस्टर म्हणाली, "होईल, होईल." तो उंबऱ्यातच रेंगाळला. "टेन्शन घेऊ नका. ज्यांनी काही घेतलेलं नसतं त्यांना घाबरायचं कारणच नाही." हे वाक्य त्याने आधीही कुणाला तरी म्हटलं असणार. मला खुणेवाला आठवला. याच खुर्चीवर बसला असेल. चौदा वर्षं तो खाली उभा राहून मला हातांनी खुणा करायचा: तर्जनी वर करून गोल फिरवली की उचला, तळवा खाली दाबला की उतरवा, मूठ मिटली की आहे तिथे थांबा. क्रेनवर बसणाऱ्याने आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नसतो, खुणेवाल्याच्या हातांवर ठेवायचा असतो. मी ठेवला. त्याच्या उजव्या करंगळीचं पेर नव्हतं. थंडीत तो बोटं अशी झटकायचा की नवख्याला ती खूण वाटावी. मला कधी वाटली नाही. बोलणं म्हणाल तर चौदा वर्षांत सगळं मिळून अर्धा तास झालं नसेल. त्याचा नमुना म्हणे मिनिटभरात झाला, आणि चार दिवसांनी त्यात काहीतरी सापडलं. नंतर कँटीनमध्ये कळलं ते असं: बायको गेल्या वर्षी गेली, दुखणं मोठं होतं, शेवटी तिला कडक गोळ्या चालू होत्या. त्यांतल्या थोड्या उरल्या होत्या. तो रविवारी एक घ्यायचा. फक्त रविवारी, घरी, सुट्टीच्या दिवशी. पाठीसाठी, असं त्याने साहेबाला सांगितलं. तपासणीला वार कळत नाही. त्याची बायको गेली हे मला त्याच दिवशी कळलं, म्हणजे वर्षभर मी ज्या हातांवर विश्वास ठेवून टनांनी लोखंड उचलत होते ते हात घरी जाऊन रिकाम्या खोलीत काय करत होते हे मला माहीत नव्हतं. हेल्मेट परत द्यायला आला तेव्हा तो शेडच्या दारात उभा राहिला, वर पाहिलं, आणि दोन्ही हात छातीसमोर एकमेकांवरून फिरवले. काम संपलं, अशी ती खूण. क्रेनवाल्याकडे उत्तराला खुणा नसतात, एक घंटा असते. माझा पाय घंटेच्या बटणावर होता. मी ती वाजवली नाही. खाली सगळे बघत होते म्हणून, की मला काय म्हणायचंय ते ठरेना म्हणून, कोण जाणे. आता त्याच्या जागी नवा माणूस आहे, त्याच्याकडे वॉकी-टॉकी. दिवसभर माझ्या केबिनमध्ये एक खरखर बोलत असते आणि मला कुणाचेच हात दिसत नाहीत.

मी काहीच घेत नाही. मला डोकेदुखीची गोळीसुद्धा अर्धी करून लागते. खुणेवाल्याचं निदान काहीतरी होतं. माझं नसलेलं काहीतरी सिद्ध व्हायचं होतं आणि ते बाहेर यायला तयार नव्हतं. तिसऱ्यांदा आत गेले तेव्हा दहाला पाच कमी होते. बराच वेळ काही नाही. आणि मग दारापलीकडून हळूच आवाज आला, "शूऽऽ... शूऽऽऽ..." मला आधी कळेना. मग कळलं आणि मी दोन्ही हातांनी तोंड दाबलं. तान्ह्या पोराला पायांवर बसवून करतात तसा आवाज ती काढत होती, पन्नाशीला टेकलेल्या क्रेनवालीसाठी.

"सिस्टर!"

"अहो, माझ्या दोन्ही पोरींना याच्याशिवाय होत नसे. म्हटलं बघावं."

"माझं वय बघा की."

"बाटलीला वय कळत नाही, ताई. शूऽऽऽ..."

आम्ही दोघी हसलो, दाराच्या दोन बाजूंनी. माझ्या लेकीला मी असंच पायांवर घेऊन बसायची, सासूबाईंच्या त्या कोपऱ्यात, आणि तेव्हा मात्र सुरी थांबलेली मला खपायची, कारण लेकीला पडद्याचं काही नव्हतं. तिला आजही नाही. लांबच्या शहरात चार मैत्रिणींबरोबर राहते, फोन लावून दात घासते, फोनवर बोलत कपडे बदलते. रविवारी फोन आला की विचारते, "आई, एकटी काय करतेस गं दिवसभर?" तिला वाटतं एकटं असणं हे माझ्यावर आलेलं संकट आहे. हे असं बसले आहे हे सांगितलं असतं तर म्हणाली असती, "देऊन टाक ना, त्यात काय एवढं!" हसू ओसरलं तशी पोटातली कळ वर आली. सात पेले झाले होते. ओटीपोट दगडासारखं, हात लावला तरी दुखेल असं, आणि तरी दार बंद. मी खरंच नकार दिलेला नव्हता, पण माझ्या आतलं कुणीतरी देत होतं, आणि ते कुणाचं ऐकेना. माझंही नाही.

दहा वीसला बाहेर येऊन बसले. सिस्टरने घड्याळाकडे पाहिलं नाही, पण न पाहण्यासाठी तिला मान वळवावी लागली. कागदावरचा दुसरा चौकोन मोकळा होता. तो भरला की उद्या ती शिडी दुसरं कुणी चढेल, केबिनमधली माझी उशी खाली टाकून देईल, आणि मी घरी बसेन, जिथे दार आहे, कडी आहे, पण बाहेरच्या जगाला त्या दाराशी काही देणंघेणं नाही. वर तसं नव्हतं. वर मी एकटी होते आणि तरी खाली दोनशे माणसांना माझी गरज होती. एवढंच मला जगाकडून हवं होतं. यापेक्षा जवळ नको, यापेक्षा लांब नको.

"सिस्टर, जागा कुठली असावी असं काही लिहिलंय का हो नियमात?"

तिने पानं उलटली. "आवाराच्या आतली, दार असलेली, नळ नसलेली."

"मग वर चला."

"वर कुठे?"

मी छताकडे बोट केलं.

तिने साहेबाला बोलावलं. तो आला, ऐकलं, हसला, मग आम्ही हसत नाही हे बघून थांबला. "अहो ताई, वर संडास कुठाय?"

"नाहीये."

"मग? तुम्हाला कसं माहीत की वर जमेल?"

प्रश्न सरळ होता. मी सिस्टरकडे पाहिलं. तिला उत्तर आधीच कळलं होतं, ती बूट निरखायला लागली. बावीस वर्षांत एकच गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. लेकीला नाही, माझ्या बहिणीला नाही, जिच्या घरी मी मुक्कामाला जात नाही आणि ती समजते मला तिचा नवरा आवडत नाही. तो बरा माणूस आहे, बिचारा. भिंती पातळ आहेत. सांगितलं असतं तर काय झालं असतं? काही नाही. लोक हसले असते. पण न सांगितलेली एक तरी गोष्ट अंगावर असावी लागते, नाहीतर माणूस नुसता दिसत राहतो.

"कारण रोज वरच जमतं," मी म्हटलं.

"रोज?"

"अकराच्या सुमारास."

त्याचे कान लाल झाले. "आणि... कशात?"

"बरणीत. डब्याच्या पिशवीतून खाली आणते."

सिस्टरला हसू फुटलं, तिने ते खोकल्यात घातलं. साहेब कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज त्याच्या वयाचा वाटला, "हे मला कळलं नसतं तर बरं झालं असतं, ताई. आता नोंद करावी लागेल."

"करा. आधी वर जाऊ द्या."

शेड थांबवली. दोन बाया शिडीवर म्हटल्यावर ग्राइंडर आपोआपच बंद पडले. सिस्टर पुढे, मी तिच्या खाली, घसरलीच तर माझ्या खांद्यावर यावी म्हणून. तिचे पांढरे बूट माझ्या नाकासमोर. "खाली बघू नका. तीन पायऱ्या, एक श्वास." "किती राहिल्या?" "थोड्या." "किती थोड्या?" "एकोणतीस." "अगं आई गं!" खालून कुणीतरी ओरडलं, "सिस्टर, वर जाऊन आमचंही नाव सांगा!" आणि हशा पिकला. वर पोचलो तेव्हा तिचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. मी केबिनचं दार उघडलं. तिने आत पाहिलं: जुन्या रजईची उशी, खिडकीला अडकवलेला पंचा, छोटा आरसा, बिस्किटांचा डबा. "घरच केलंय की हो," ती म्हणाली. आजवर त्या केबिनला कुणी काही म्हटलंच नव्हतं. मला ते शब्द परत तिच्या तोंडात घालावेसे वाटले.

दार लोटलं. कडी लावली नाही. बाहेर रुळाशेजारच्या अरुंद पट्टीवर ती कठड्याला मिठी मारून उभी. मी बसले. खाली सगळं तेच होतं, टाक्यांची गोल तोंडं, माणसांची पिवळी डोकी, वर तोंड केलेली. आणि वरही तेच झालं. बूट होते, श्वास होता, आणि माझं आतलं दार बंद. मला वाटलं, संपलं. आता ही जागाही गेली आणि कामही. दहा बावन्न झाले होते. तेवढ्यात बाहेर सिस्टर आकडे मोजायला लागली. मोठ्याने, डोळे गच्च मिटून. "एकवीस. बावीस. तेवीस. देवा, तेवीस. चोवीस." ती मला ऐकत नव्हती. तिला माझी आठवणही नव्हती. ती चाळीस फुटांवर एकटी होती, तिच्या तिच्या भीतीत, आणि इकडे मी माझ्यात. एका पत्र्याच्या दोन बाजूंना दोघी आपापल्या. सदुसष्टपर्यंत आली तेव्हा माझं सुरू झालं. रेघ ओलांडून गेलं, थांबेना. बाटली गरम होती, खरीखुरी गरम. मी रडले असेन, माहीत नाही. डोळ्यांतून आलेलं कुणाला नको होतं.

उतरताना सिस्टरचे पाय उचलेनात. बाटली तिच्या पिशवीत, पिशवी माझ्या गळ्यात. मी खाली राहून एकेक घोटा हातात धरला आणि पुढच्या पायरीवर ठेवला. बेचाळीस वेळा. सुजलेले, गरम घोटे. कुणाच्या शरीराला एवढा वेळ हात लावून किती वर्षं झाली होती, ते आठवायचं मी टाळलं. जमिनीवर आल्यावर तिने माझा दंड घट्ट धरला आणि म्हणाली, "ताई, मी कुणाला सांगणार नाही हो." मग खोलीत जाऊन कागद भरला. त्यात एक रकाना होता, नमुना दिल्याचे ठिकाण. तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, लिहा. तिने लिहिलं.

चार दिवसांनी निकाल आला. काहीही सापडलं नाही. साहेबाने हात पुढे केला, "अभिनंदन, ताई." जे कधी घेतलं नाही ते न घेतल्याबद्दल मी त्याचा हात हातात घेतला. बरणीबद्दल लेखी समज मिळाली, एक पान, सभ्य भाषेत. डब्याच्या पिशवीवरून लोकांनी आठवडाभर चेष्टा केली, मग दुसऱ्या कुणाचं काहीतरी निघालं. हे असंच संपतं असं मी धरून चालले होते.

महिन्याने, एका मंगळवारी सकाळी, वॉकी-टॉकी म्हणाली, "ताई, छोटा लोड आहे. सावकाश वर घ्या." घेतला. "अजून वर." अजून घेतला. हुकाला एक जाळी होती, लोखंडी पट्ट्यांची, उभं राहायला एका माणसापुरती, तीन बाजूंना कठडा, पिवळा रंग अजून ओला. "अजून. केबिनच्या लेव्हलला आणा. बस्स." दोन वेल्डर शिडीने वर आले. मी काच सरकवून विचारलं, "कशाची रे?"

"तुमच्याच दाराची. सिस्टर उभी राहायला. मागच्या वेळी पडता पडता वाचली ना ती? साहेबांनी वर मंजूर करून घेतलंय. सगळ्या क्रेनना लागणार. आता तुमचा नंबर लागला की खाली यायला नको, इथल्या इथे." तो चष्मा डोळ्यांवर ओढत थांबला. "आभार मानायचे सोडून असं काय बघता, ताई?"

जोड पक्का होईपर्यंत जाळी हुकावर तशीच अधांतरी धरायची होती. सव्वा तास. माझा हात हलका आहे. ती केसभरही हलली नाही. ठिणग्या काचेवर येऊन विझत होत्या. वेल्डर खाली उतरले, हूक मोकळा झाला, शेड आपल्या कामाला लागली. अकरा वाजले. मी कडी लावली. जाळीवर कुणी नव्हतं. मी दाराकडे पाठ करून बसले, मग तोंड करून बसले. कडी काढून बाहेर पाहिलं, कुणी नव्हतं, पुन्हा लावली. पावणेबाराला मी हातातला पत्रा जमिनीला टेकवला आणि बटण दाबून म्हटलं, "खाली येतेय."

"का, काय झालं?"

"काही नाही. येतेय."

दार उघडल्यावर पाय आता जाळीवरच ठेवावा लागतो, दुसरी वाट उरलेली नाही. ठेवला. मजबूत होती, पोरांनी काम चांगलं केलं होतं. मी तिच्यावर उभी राहिले, मागे वळून दार लोटून घेतलं, आणि क्षणभर तिथेच थांबून, श्वास बेताने घेत, आत काही ऐकू येतं का ते ऐकलं.